वैजे, डावा पाय!

पडद्यावर लालभडक आकाश आलं, तसे सुहासराव आईच्या पलीकडून पुढं वाकले आणि मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, “हे मात्र शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे. मंगळावर धूळच धूळ असते.”

“असं होय,” आई म्हणाली आणि होणाऱ्या जावयाच्या ज्ञानानं भरून पावल्यासारखं तिनं मला कोपरानं ढोसलं.

तो मंगळ नव्हता. जोतिबाच्या वाटेवरची मुरमाची खाण होती. मला ठाऊक होतं, कारण त्या मंगळावरची धूळ मी आठवडाभर खाल्ली होती. पण हे सांगायची ती जागा नव्हती. माझ्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला दादा, म्हणजे माझे वडील. आईच्या पलीकडं सुहासराव, त्यांच्या मातोश्री आणि त्यांचे काका. कोल्हापूर, आमच्या पेठेतल्या टॉकीजची बाल्कनी, दुपारचा खेळ. सिनेमा सुटला की सगळ्यांनी आमच्या घरी चहाला यायचं आणि साखरपुड्याची तारीख काढायची, असं ठरलेलं. मी अठरा वर्षांची होते, आणि मोठ्यांनी ठरवलेली एखादी गोष्ट खरंच व्हावी असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं.

सिनेमाचं नाव ‘उल्का : सन २०४५’. सोळा वर्षांची उल्का नावाची पोरगी मंगळावर कॉलेजात जाते. तिथं यंत्रमानव बंड करतात. मोठी माणसं पळून जातात आणि ही एकटी डोक्यावर शिरस्त्राण चढवून, हातात किरणास्त्र घेऊन यंत्रमानवांना कापून काढते. सुहासराव कराडला हायस्कूलवर विज्ञान शिकवायचे. मराठीत असा प्रयोग पहिल्यांदाच होतोय, दोन्ही घरांनी मिळून बघू, हा त्यांचाच आग्रह. मी ‘डोकं दुखतंय’ असं म्हणून बघितलं. आई म्हणाली, “बाम लाव. अशी स्थळं काय झाडाला लागत्यात?”

आता त्या शिरस्त्राणाच्या आत कोण होतं ते सांगते.

उल्काचं काम मुंबईच्या मोनिका नावाच्या नटीनं केलं होतं. रडायची चांगली. पण तिची नखं लांब होती आणि मारामारी म्हटली की ती नखांकडं बघायची. दिग्दर्शक अवधूत नेर्लेकर आयुष्यभर सासूसुनांचे सिनेमे काढून कंटाळले होते, कुठंतरी व्हिडिओवर इंग्रजी अंतराळ बघून पेटले होते आणि आता अडकले होते. त्यांच्या कपडेपटात माझी नलूआत्या शिवणाला होती. ती म्हणाली, “साहेब, आमच्या भावाची पोरगी पट्टा खेळती.”

माझे दादा तालमीत मर्दानी खेळाचे वस्ताद. लाठी, बाणा, तलवार आणि दांडपट्टा. कोपरापर्यंत लोखंडी खोबण चढवायची, पुढं लवलवणारं लांब पातं, ते अंगाभोवती असं फिरवायचं की जवळ यायची कुणाची छाती होऊ नये. दादांना मुलगा नव्हता, म्हणून मागच्या अंगणात त्यांनी मला शिकवलं. शिवजयंतीच्या मिरवणुकीत मी खेळले, लोकांनी नारळ दिले. मग एक दिवस आई म्हणाली, “आता मोठी झाली,” आणि पट्टा माळ्यावर गेला. दादांनी स्वतः टाकला. वर चढताना एकदाही माझ्याकडं बघितलं नाही.

म्हणून नलूआत्यानं विचारलं तेव्हा मी एका अटीवर हो म्हटलं. नाव कुठं यायचं नाही. नेर्लेकर म्हणाले, “बाळ, नावच काय, तुझं नाकसुद्धा दिसणार नाही.” स्कूटरचं हेल्मेट चंदेरी रंगवून त्यांनी शिरस्त्राण केलं होतं. काच वर गेली की मोनिका, काच खाली आली की मी. पट्ट्याला चमकी कागद गुंडाळला, ते किरणास्त्र. घरी सांगितलं, आत्याकडं शिवण शिकायला जातेय. आत्यानं दोन झबली शिवून दिली, ती मी शिवली म्हणून दाखवली. आईनं शेजारणीला दिली.

यंत्रमानव म्हणून लग्नाचे बँडवाले आणले होते. लग्नसराई सरली होती, माणसं मोकळी होती आणि पावलात पाऊल घालून चालायची त्यांना सवय होती. डब्यांचे पत्रे अंगावर चढवून ते रांगेनं यायचे आणि मी कापले की पडायचे. क्लॅरिनेटवाला दत्तू तेवढा तोंड सांभाळून पडायचा. ओठ फुटला तर पोट कशावर भरू, म्हणायचा.

सुहासराव मला बघायला आले ते यानंतर. कांदेपोहे झाले, सगळ्यांचं विचारायचं ते विचारून झालं, तसा हा माणूस चष्मा सावरत म्हणाला, “तुम्हाला मला काही विचारायचंय का?” असं कुणी विचारतं हेच मला ठाऊक नव्हतं. तोंडाला आलं ते बोलले, “दिवसा चांदण्या कुठं जातात?” मला उत्तर माहीत होतं. पण ते सांगत बसले, हातातले पोहे गार होईपर्यंत सांगत बसले, आणि मी ऐकत बसले. त्या दिवसापासून मला साखरपुडा हवा होता.

त्यांच्या मातोश्रींची एकच अट होती. जाताना उंबऱ्यात थांबून त्या आईला म्हणाल्या, “बाकी काही नको. फक्त सिनेमा-नाटकाचं वारं नको. आमच्या धाकट्या दिरांनी त्या नादानं घर सोडलं, ते अजून आले नाहीत.” आई छातीवर हात ठेवून म्हणाली, “आमची वैजू? ती तर झबली शिवती.”

तर अशी मी त्या बाल्कनीत बसले होते.

सुरुवातीला माझं दैव बरं होतं. दादा पहाटे चारला तालमीत जायचे, त्यामुळं दुपारी अंधार मिळाला की झोपायचे. मंगळावरच्या कॉलेजात मोनिकाचं गाणं सुरू झालं आणि दादांची मान कलली. मी देवाचे आभार मानले. मातोश्रीही सिनेमा बरा म्हणत होत्या, कारण पोरगी अंगभर कपड्यात होती.

मग यंत्रमानव आले.

पडद्यावर ते पत्रे वाजवत रांगेनं चालायला लागले आणि खालून एकजण ओरडला, “आयला! हा तर बँडवाला दत्तू!”

“कुठला रं?”

“दुसरा! चालतोय बघ की. कमरंत वाकतंय ते!”

“दत्त्या, वाजीव की लेका!”

खालचं सगळं पब्लिक उठलं. आमच्या पेठेची पोरं, आमच्या तालमीची पोरं. कुणी तोंडानं वरातीचं गाणं धरलं आणि मंगळावरचं बंड त्या ठेक्यावर पुढं सरकायला लागलं. सुहासराव हळहळले, “लोकांना विषयाचं गांभीर्य नाही.” मी मात्र खुर्चीत खाली सरकले. पत्र्याच्या आतला दत्तू यांनी चालीवरनं ओळखला. मी तर यांच्याच डोळ्यांसमोर मिरवणुकीत खेळलेली.

मोनिकानं पडद्यावर आईच्या फोटोकडं बघून डोळे पुसले, शिरस्त्राण घातलं आणि काच खाली ओढली.

मी डोळे मिटले. पण कान मिटता येत नाहीत. नेर्लेकरांनी सगळ्या सिनेमात एकच गोष्ट खरी ठेवली होती. पट्ट्याचा आवाज. त्यांना तो फार आवडला होता, मुद्दाम वेगळा घेतला होता. हवा कापत जाणारा, फाटणाऱ्या रेशमासारखा. तो आवाज थेटरात घुमला आणि माझ्या शेजारी दादांची मान सरळ झाली.

माझ्या पट्ट्यात एक खोड होती. गिरकी घेताना डावी टाच उचलायची. आठ वर्षांची असल्यापासून दादा त्यावर ओरडत आलेले, आणि मर्दानी खेळात पाय उचलला की माणूस गेला. त्या खाणीतही शेवटच्या गिरकीला टाच उचलली गेली, मग माझं मलाच आठवलं आणि मी ती दाबली. नेर्लेकरांना त्यातलं काय कळणार? त्यांनी ते तसंच ठेवलं.

दादा झोपेतनं उठले ते बाल्कनीत नव्हते. ते तालमीत होते. समोर अंधारात कुणीतरी पट्टा फिरवत होतं आणि टाच वर चालली होती.

“वैजे, डावा पाय!”

वस्तादाचा आवाज तो. मैदानातनं शंभर पोरांना ऐकू जायचा, थेटर म्हणजे काय? आणि पडद्यावर त्या उल्कानं, माझ्या मेलीनं, हुकूम ऐकल्यासारखा डावा पाय खाली ठेवला आणि यंत्रमानवांच्या म्होरक्याचं मुंडकं उडवलं.

मग खालून कुणीतरी हळूच म्हणालं, “वस्ताद हायत वर.” आणि दुसरा ओरडला, “अरं, मग ती वैजी हाय! आपली वैजी!”

पुढचं मला नीट आठवत नाही. शिट्ट्या, टोप्या, खुर्च्यांवर नाचणारी पोरं. पडद्यावर मोनिकानं काच वर केली, तर लोक ओरडले, “खाली कर! खाली कर!” आणि मध्यंतराचे दिवे लागले.

दिव्यात आम्ही सहाजण बसलो होतो. कुणी कुणाकडं बघेना. दादा स्वतःच्या हाताकडं बघत होते, जणू तोच ओरडला होता. काकांनी सगळ्यांना बाहेर काढलं, सोड्याच्या बाटल्या ठेवतात त्या कोपऱ्यात नेलं. समजूतदार माणूस होता. मोडलेल्या सोयरिकी जुळवण्यात त्यांचं नाव होतं.

“वस्ताद,” ते म्हणाले, “झोपेत होता तुम्ही.”

“होतो,” दादा म्हणाले.

“झोपेत माणूस काय वाट्टेल ते बोलतो. आमचे वडील झोपेत बैलाला हाका मारायचे. बाहेर फलकावर मोनिका असं ठळक लिहिलंय. खालची पोरं काय, तुमच्या आवाजावर चेकाळली. तुम्ही फक्त एकदा म्हणा, ती आमची वैजयंता नव्हे. बस्. वहिनींच्या मनातलं जाईल, आपण चहाला जाऊ.”

मातोश्री मान खाली घालून उभ्या होत्या. त्यांना खरंच हे ऐकायचं होतं, मला दिसत होतं. आई तर दादांच्या सदऱ्याला हात लावून पुटपुटत होती, “म्हणा की हो. म्हणा.”

खरं सांगते, मलाही त्यांनी तेच म्हणावं असं वाटत होतं. एवढंसं तर वाक्य. ते म्हटलं की मी कराडला जाणार होते, गच्चीत बसून चांदण्यांची नावं ऐकणार होते. आणि त्यांना ते खरंही वाटायला हरकत नव्हती. त्यांना कुठं काय ठाऊक होतं? मी तर झबली शिवत होते.

दादांनी माझ्याकडं बघितलं. पट्टा माळ्यावर टाकल्यापासून इतकं निरखून त्यांनी मला बघितलं नव्हतं. मी नजर खाली घातली. तेवढ्यावरनं त्यांना काय कळायचं ते कळलं असणार.

“झोपेत होतो हे खरं,” दादा म्हणाले. “पर झोपेत माणूस दुसऱ्याच्या पोरीला हाक मारत न्हाई. ती माझीच हाय. मला ठाव होतं. मीच धाडली होती.”

आईच्या हातनं सदरा सुटला.

“तुम्ही धाडली?” मातोश्री म्हणाल्या. चिडून नाही. एखाद्याला पायरी चुकताना बघावं तशा. “मग आम्हाला आधी सांगायचं होतं, वस्ताद. मी एवढी एकच गोष्ट मागितली होती.”

“चुकलं,” दादा म्हणाले. “पर खेळात तिचं काय चुकलं न्हाई. टाच सोडली तर.”

मी सुहासरावांकडं बघितलं. आता तेवढंच राहिलं होतं. त्यांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, लावला, परत काढला. ते काहीतरी बोलणार हे सगळ्यांनाच दिसलं. काका थांबले, मातोश्री थांबल्या, मीही थांबले.

“ते काय आहे,” सुहासराव मला म्हणाले, “मंगळावरची हवा फार विरळ असते. त्या अस्त्राचा एवढा आवाज यायला नको होता.”

“हो,” मी म्हटलं.

“तेवढं चुकलंय त्यांचं.”

“हो.”

मग त्यांनी मला हात जोडून नमस्कार केला, अगदी मनापासून, आणि आपल्या मातोश्रींच्या मागं जिना उतरून गेले. मला त्यांचा राग कधी आला नाही. खोटं असं त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं.

आम्ही तिघं राहिलो. आई म्हणाली, “चला घरी.” दादा म्हणाले, “अर्धा राहिलाय की.” आणि आम्ही खरंच आत जाऊन बसलो. शेजारच्या तीन रिकाम्या खुर्च्यांवर खालची पोरं येऊन बसली आणि दादांना सोडा आणून देत राहिली. उत्तरार्धात दादा टक्क जागे होते. मोनिकानं काच वर केली की विचारायचे, “ही कोण?”

“मोनिका.”

“हिला काय येतं?”

“रडायला.”

“हं.”

सिनेमाचं पुढं काय झालं ते सांगून टाकते. पुण्यामुंबईत तो आठवडाभरही टिकला नाही. एका मोठ्या वर्तमानपत्रानं लिहिलं की हा मंगळ पृथ्वीला फारच जवळ आहे. आमच्या पेठेत मात्र तो उतरेना. सिनेमा बघायला कुणी येत नव्हतं; मध्यंतराच्या आधी सगळ्या थेटरानं एका आवाजात “वैजे, डावा पाय!” म्हणून ओरडायचं, त्यासाठी येत होते. बायकापोरं येत होती. सांगलीहून एक टेम्पो भरून माणसं आली म्हणे. टॉकीजवाल्यानं फलकावर लिहून टाकलं, ‘डावा पाय, सहावा आठवडा.’ पुढं सत्काराला मोनिका आली. तिनं तो गजर ऐकला, इकडं जयजयकार असाच करत असतील असं समजून उभी राहिली आणि दोन्ही हात हलवत राहिली. मी मागच्या रांगेतनं टाळ्या वाजवल्या. तिचंही काही चुकलं नव्हतं. नेर्लेकर परत सासूसुनांकडं वळले. सुहासराव पुढं मुख्याध्यापक झाले. माझं लग्न चार वर्षांनी झालं. तो संसार चांगला झाला, पण त्यात विज्ञान नाही.

पण मला सांगायचंय ते त्या दिवशीच्या संध्याकाळचं. थेटर सुटलं. आई पुढं तरातरा निघून गेली. तिच्या पाठीवरनं कळत होतं की आज घरात स्वयंपाक होईल, पण वाढला जाणार नाही. दादा आणि मी मागं. लोक वाटेत थांबून दादांना नमस्कार करत होते आणि मला बघून हसत होते, आणि दादा मिरवणुकीत असल्यासारखे मान डोलावत होते. गल्ली लागली, माणसं संपली, तसं ते म्हणाले,

“नलूनं नेलं व्हतं?”

“हो.”

“झबली कुणी शिवली?”

“आत्यानं.”

“तरीच. काजं चांगली होती.”

थोडं चाललो. मी धीर करून म्हटलं, “दादा, तुम्हाला ठाऊक नव्हतं. मग ठाऊक होतं असं का म्हणालात?”

“मग काय म्हणू? पोरगी चोरून गेली म्हणू? चार माणसांत?”

“ती मी नव्हे म्हटलं असतं तरी चाललं असतं.”

“चाललं असतं,” ते म्हणाले. गणपतीच्या देवळापाशी त्यांनी चपला काढल्या, उभ्यानं हात जोडले, परत चपला घातल्या. हे सगळं माझ्याकडं न बघता. आणि तसंच न बघता विचारलं,

“तुला आवडला होता का गं त्यो मास्तर?”

एवढ्या बोलण्यांत, पत्रिकांत, चहापोह्यांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. आईनं नाही, आत्यानं नाही. तिथं, तेव्हा, सगळं संपल्यावर दादांनी विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मैदानात समोरच्यानं पट्टा खाली टाकावा तसं झालं. त्यावर वार कसा करायचा?

“छे,” मी म्हटलं. “मला कुठं आवडला होता?”

दादांनी मान हलवली. दोनतीन घरं मागं पडली.

“खोटं बोलायला तुला अजून शिकवाय पायजे,” ते म्हणाले आणि असे झपाझपा पुढं निघाले की त्यांना गाठायला मला पळावं लागलं.